बाबा, विशाखापट्टणमच्या त्या बसमध्ये

बाबा,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला काकांनी माझ्या हातात माईक दिला आणि मी काहीच बोललो नाही. विहार भरलं होतं. रेल्वेतल्या तुमच्या गँगमधले लोक आले होते, काही जण ड्यूटीवरून थेट, नारंगी जॅकेट घालूनच. माईक नुसता खरखरत होता. शेवटी काकांनीच तो परत घेतला आणि म्हणाले, "रडू नको बेटा, बसून घे." मी रडत नव्हतो. मला भीती वाटत होती.

भीती वाटायचं कारण काकांचं भाषण. माझ्या आधी ते बोलले होते. म्हणाले, "दादाची बिमारी आमच्या सुमेधले थंडीतच मालूम झाली होती. इंग्लिशमधला रिपोर्ट त्यानंच वाचला. पण पोट्ट्यानं बापाले शेवटपर्यंत काही कळू नाही देल्लं. हसत-हसत विशाखापट्टणमचा समुद्र दाखवून आणला. असा पोट्टा सगळ्याइले भेटो." लोकांनी माना हलवल्या. मागून कुणीतरी "सही बात है" म्हणालं. मी आईकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत बसली होती आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत होती. तिला वाटत होतं की आजार दवाखान्यात भरती केल्यावरच कळला. थंडीत कळला होता हे तिनं त्या माईकवरून पहिल्यांदा ऐकलं.

आणि काका जे म्हणाले ते खरंही नव्हतं. पण एवढ्या लोकांसमोर ते सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून लिहितो आहे. मराठीत लिहितो आहे, हे तुम्हाला नवल वाटेल. तुम्ही मराठीत विचारायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायचो, आपलं सगळं असंच चाललं. तुम्ही चिडवायचे, "साहेब, मराठी का पोटात दुखते?" नागपूरहून येणारं ते मासिक दर महिन्याला माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे, म्हणून निदान लिहिता येतं. चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

रिपोर्ट मी आपल्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या लॅबमधून आणला होता. तिथल्याच पायरीवर बसून एकेक शब्द मोबाइलमध्ये टाकून पाहिला. आपल्या घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो, मी आठवीत असल्यापासून. लाइटबिल, गॅसचा फॉर्म, तुमच्या ऑफिसचं पत्र. मी वाचतो आणि दोन वाक्यांत सांगतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला ती दोन वाक्यं सापडेनात. फुप्फुसात गाठ होती आणि ती तिथंच थांबलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, आता फार काही करण्यासारखं नाही, दुखू नये म्हणून गोळ्या देतो, त्यांना आनंदात ठेवा. घरी सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ठरवलं काकांनी. स्कूटर सुरू करायच्या आधीच म्हणाले, "नाही सांगाचं. दादा खचून जाईन. अन् वहिनीले तर बिलकुल नाही. तिच्या तोंडावर सगळं दिसते." मी हो म्हणालो. बाबा, मी लगेच हो म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, कारण तुमच्यासमोर बसून ते दोन वाक्यांत सांगायचं काम माझ्यावरून टळलं होतं.

घरी आलो तर तुम्ही दारातच विचारलं, "काय लिव्हलं हाय?"

"कुछ खास नहीं बाबा. इन्फेक्शन है. गोली खानी है."

तुम्ही म्हणालात, "मंग एवढा घामाघूम काहून झाला?"

समुद्राची कल्पना माझी होती. इतकी वर्षं रेल्वेत नोकरी, पास मिळतो, आणि तुम्ही त्या पासावर नागपूर, वर्धा, अकोला यांच्या पुढं गेलाच नाहीत. सगळे पास लग्नांत आणि तेरव्यांत संपले. मी म्हणालो, विशाखापट्टणमला जाऊ, गाडीनं सकाळी पोचू, तिथून एक दिवसाची टूर बस असते, गाइड असतो, तो सगळं दाखवतो आणि संध्याकाळी स्टेशनवर आणून सोडतो. आई म्हणाली, "खोकला पाहा आधी. समुद्र पळून जाते काय?" मी तिला काय सांगणार होतो?

तुम्ही मात्र लगेच तयार झालात. एवढं लगेच की मला शंका यायला हवी होती. पासाचा अर्ज तुम्हीच भरला. मला एकवीस वर्षं पूर्ण झालेली, त्यामुळे मुलाचं नाव पासावर घालायचं तर कॉलेजचं बोनाफाईड लागतं. ते माझ्या निळ्या फाइलमध्ये होतं. मी क्लासला गेलेलो असताना तुम्ही ती फाइल काढलीत, बोनाफाईड घेतलंत आणि ऑफिसला गेलात. मी त्याच फाइलमध्ये, त्याच्याच मागच्या खिशात, रिपोर्ट लपवला होता. सगळ्या घरात तुम्ही कधी हात लावणार नाही अशी एकच जागा मला सुचली होती, माझी कॉलेजची फाइल. पासाला बोनाफाईड लागतं हे मला पाठ होतं आणि तरी सुचलं नाही. ही चूक रेल्वेवाल्याच्याच घरात होऊ शकते.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी बसपाशी उभा असताना मला एवढंच माहीत होतं की माझ्या खिशात तुमच्या गोळ्या आहेत आणि तुम्हाला काही कळता कामा नये.

तुम्ही बसमध्ये चढायच्या आधी वाकून बसच्या खाली पाहिलंत. मग मागच्या चाकाच्या नटांवर बोटाच्या पेरानं ठकठक केलंत. रोज सकाळी सात किलोमीटर रुळाच्या कडेनं चालत, रूळ धरून ठेवणाऱ्या चाब्या ठोकत जाणारा माणूस, दुसरं काय करणार? गाइड धावत आला. श्रीनू नाव त्याचं, माझ्याच वयाचा, गळ्यात शिट्टी.

"अंकल, क्या गिर गया?"

"कुछ नहीं गिरा. देख रहा हूँ."

"बस मैं चेक करके लाया अंकल. फुल कंडीशन."

तुम्ही मला हळूच म्हणालात, "याले खाली रूळ नाही ना, सुमेध. ड्रायव्हर नेईन तिकडं हे जाते. पाहून घेतलेलं बरं."

आई म्हणाली, "चला आता, का इंजिन खोलून पाहता?" आणि सगळे हसले. मीही हसलो. पण तुम्ही तीन पायऱ्या चढून सीटवर बसेपर्यंत किती वेळा श्वास घेतला ते मी मोजत होतो. दिवसभर मी तेच केलं. मला त्या शहराचं फारसं काही आठवत नाही, बाबा. मला तुमची छाती आठवते, वरखाली होणारी.

बस निघाल्यावर श्रीनूनं माईक फिरवला. प्रत्येकानं नाव, गाव, काम सांगायचं. मला वाटलं तुम्ही लाजाल, पण तुम्ही उभे राहिलात. "मैं रायपुर सेक्शन में चाबीवाला हूँ. रोज पटरी देखता हूँ. ये मेरी मिसेस. और ये मेरा लड़का, बीएससी में है. हमारे खानदान में कॉलेज जाने वाला पहला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीकडे तोंड केलं. त्यानंतर पलीकडच्या सीटवरच्या बाई उठल्या, पांढरे केस, जाड चष्मा. म्हणाल्या, भिलाईहून आले आहे, दवाखान्यात सिस्टर होते, आता रिटायर, एकटीच फिरते. तुम्ही मान वळवून त्यांच्याकडे पाहिलंत. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

पहिल्यांदा पाणबुडी दाखवली. किनाऱ्यावर आणून ठेवलेली खरी पाणबुडी, आत जाता येतं. आतल्या अरुंद वाटेत तुम्हाला धाप लागेल म्हणून मी मागे मागे होतो, आणि तुम्ही पुढे भिंतीवर पेरानं ठोकत होता. "आवाज बराबर हाय," तुम्ही म्हणालात. श्रीनू ओरडला, "अंकल, हाथ नहीं लगाने का!" मग त्यानं सगळ्यांना सांगितलं की पाण्याखाली असताना कुणाला थेंबभर जरी गळती दिसली तरी आधी ओरडायचं, मग हात लावायचा. तुम्ही खूश झालात. माझ्याकडे वळून म्हणालात, "पाह्य, आमच्यावाणीच हाय. रुळाले तडा दिसला का पहिले लाल झेंडी. दुरुस्तीचं मंग पाहू. ज्याले दिसला त्यानंच दाखवाची, मेट-मुकादमाची वाट नाही पाह्याची."

हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. सातवीत मी गणितात नापास झालो आणि आठ दिवस मार्कशीट लपवली, तेव्हा तुम्ही मारलं नाहीत, एवढंच म्हणालात की तडा आठ दिवस जुना झाला. पण त्या पाणबुडीत तुम्ही ते म्हणून थांबलात. माझ्याकडे पाहत राहिलात. मागून लोक येत होते, कुणीतरी "चलो भैया" म्हणालं, आणि मी पुढं सरकलो. आता मला वाटतं की तुम्ही मला संधी देत होता. रिपोर्टचा कागद तेव्हा तुमच्या खिशात होता. की मीच आता मागाहून असं जुळवतो आहे? मला खरंच कळत नाही.

जेवणानंतर बस तोट्लकोंड्याला गेली. समुद्राकडे तोंड करून असलेली टेकडी, वर जुन्या बौद्ध विहाराचे अवशेष. बाकीच्या लोकांना त्यात रस नव्हता, ते फोटो काढायला कठड्याकडे गेले. श्रीनूनं पंधरा मिनिटं दिली. तुम्ही बसमध्येच चपला काढल्यात. आईनं रायपूरहून ओल्या रुमालात गुंडाळून आणलेली पांढरी फुलं काढली. सगळीकडे दगडाचे चौथरे आणि अर्ध्या भिंती, पाट्या इंग्रजीत, आणि मी पाट्या वाचत नव्हतो, तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही एका चांगल्या रचलेल्या चौथऱ्यापाशी थांबलात, फुलं ठेवलीत आणि आपण तिघांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. तुमचा आवाज मध्येच खोकल्यानं तुटला, आईनं ओळ पुढं नेली.

श्रीनू धावत आला. "अंकल, अंकल, ये किचन है! खाना बनाने का जगह. स्तूप उधर है."

दोन पोरी फिदीफिदी हसल्या. आईचं तोंड लाल झालं. "तरी मी म्हणत होती, आधी इचारून घ्या. अन् हा एवढा शिकलेला, याच्यानं एक पाटी वाचली नाही जात!"

तुम्ही अजिबात ओशाळला नाहीत. "तर काय झालं? भिक्खू काय उपाशी राहत होते? ज्यानं त्याइले रांधून घातलं, त्याले आज आपण हात जोडले. त्याले तर कोणीच जोडत नसन."

त्या भिलाईच्या सिस्टर मागेच उभ्या होत्या. त्या मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "भैया, ये बात आपने सही बोली." मग त्यांनीही आईकडून एक फूल मागून घेतलं आणि तिथंच ठेवलं. तुम्ही दोघं बोलत बसपर्यंत गेलात. खरा स्तूप तुम्ही लांबूनच पाहिला, कारण पंधरा मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "पाँच मिनट रुकेगा वो, मैं बोलता हूँ." तुम्ही म्हणालात, "टाइम म्हणजे टाइम. आपल्यासाठी चाळीस लोकाइले काहून खोळंबून ठेवाचं?" मी आग्रह केला नाही. तो आग्रह न केल्याचं मला आजही टोचतं. श्रीनू चांगला पोरगा होता, थांबला असता.

शेवटचा थांबा ऋषिकोंड्याचा किनारा. चाळीस मिनिटं. श्रीनूनं माईकवरून दोनदा सांगितलं, सव्वापाचला बस सुटेल, बस कुणासाठी थांबणार नाही, रात्रीची गाडी पकडायची असेल त्यांनी तर घड्याळ बघतच राहावं. आपण तिघं वाळूवर बसलो. तुम्ही पाण्याकडे बघत होता. गोळीची वेळ झाली होती, थंड पाण्यानं तुम्हाला ठसका लागायचा, म्हणून मी चहा आणि गरम पाणी आणायला गेलो. दुकानावर गर्दी होती. परत आलो तर आई एकटीच बसलेली.

"बाबा?"

"इथंच होते. बाथरूमले जातो म्हणे. येतीन."

दहा मिनिटं झाली. बाथरूममध्ये तुम्ही नव्हता. बसमध्ये नव्हता. घोडेवाल्यांपाशी नव्हता, फोटोवाल्यांपाशी नव्हता. तुमचा फोन आईच्या पिशवीत वाजत होता. पाच वाजून पाच मिनिटं. मी किनाऱ्यावरून पळायला लागलो आणि तेव्हा माझ्या मनात ते आलं, जे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. यांना कळलं असेल तर? यांना कळलं असेल आणि हे पाण्यात गेले असतील तर? मी पाण्यातली डोकी मोजायला लागलो. कोणतं डोकं तुमचं ते लांबून कळेना. लाटा येत होत्या, डोकी दिसत होती आणि नाहीशी होत होती, लोक खिदळत होते. मी पाण्याच्या कडेनं तसाच पुढं पळत राहिलो. समुद्र दाखवायला तुम्हाला मीच आणलं होतं.

श्रीनू शिट्टी वाजवत आला. "भैया, अंकल किधर? पाँच मिनट है बस. ड्राइवर गुस्सा करता."

"मिल नहीं रहे."

माझा चेहरा पाहून तो शिट्टी खाली करून म्हणाला, "तुम उधर देखो, मैं इधर देखता."

तुम्ही मला नारळपाण्याच्या गाडीमागे दिसलात. बाकावर बसला होता, शेजारी त्या सिस्टर. त्यांनी चष्मा नाकावर घेतला होता आणि हातात कागद होता. लॅबच्या कागदाला वर हिरवी पट्टी होती, ती मला वीस पावलांवरून ओळखू आली. झेरॉक्समध्ये हिरवा रंग येत नाही. म्हणजे तो मूळ कागद होता, माझ्या फाइलमधला. सिस्टर एकेका ओळीवर बोट ठेवत होत्या आणि हळूहळू सांगत होत्या. तुम्ही मान हलवत होता. सकाळी ड्यूटीला निघताना मेट कामाच्या सूचना सांगतो तेव्हा जशी हलवता, तशीच. कुठपर्यंत जायचं, कुठं जपायचं, समजलं, हव.

मी एका उभ्या गाडीआड थांबलो, बाबा. पुढं आलो नाही. यायला हवं होतं का? तुम्ही कागदाची चौघडी केलीत, पासाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलीत आणि पाकीट खिशात. सिस्टरनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही घड्याळ पाहिलंत आणि उठलात. मी पळत तुमच्या आधी बसमध्ये जाऊन बसलो आणि खिडकीतून बाहेर बघायला लागलो, जणू तुमची वाट पाहतो आहे.

तुम्ही पाच वाजून चौदा मिनिटांनी चढलात. श्रीनू टाळी वाजवून म्हणाला, "अंकल टाइम पे आ गया. भैया फालतू टेंशन लिया." आई तुमच्यावर घसरली, "बाथरूमले एवढा येळ लागते काय? पोट्ट्याचं तोंड पाहा कसं झालं!"

तुम्ही माझ्या शेजारी बसलात. शर्टाला नारळपाण्याचा वास येत होता. बस निघाली. थोड्या वेळानं, समोर बघत, तुम्ही विचारलंत, "सुमेध, त्या रिपोर्टमधी काही खास नव्हतं ना?"

मला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे. तरी मी म्हणालो, "नहीं बाबा. बस गोली टाइम पे खानी है."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "हव. मंग खातो टाइमवर."

घरी आल्यावर मी फाइल उघडली. रिपोर्ट होता, परत ठेवलेला, पण आता बोनाफाईडच्या पुढं. त्याला चार घड्या होत्या. मी त्या हातानं दाबून सरळ केल्या आणि तो मागच्या खिशात ठेवला. तुम्ही ठेवलात, मी ठेवला, कुणी कुणाला काही म्हणालं नाही.

त्यानंतरचे चार महिने तुम्ही प्रत्येक गोळी वेळेवर घेतलीत आणि रिकामं पाकीट मला दाखवलंत, शाळेतला पोरगा गृहपाठ दाखवतो तसं. जमलं तोवर ड्यूटीला गेलात. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी शेजारी बसलो असताना तुम्ही विचारलंत ते एवढंच, की परीक्षा कशी गेली आणि रेल्वेचा फॉर्म भरला की नाही. तो फॉर्म आपला जुना वाद. तुम्हाला मी पक्क्या नोकरीत हवा होतो, मला एमएस्सी करायची होती. मी म्हणालो, सोचता हूँ. तुम्ही डोळे मिटून हसलात. तो वाद तसाच राहिला, आणि खरं सांगू, त्याचं मला एवढं वाईट वाटत नाही. असे वाद घरात असतातच.

मला छळतो तो दुसरा वाद, जो आपण घातलाच नाही. ज्याला तडा दिसला त्यानं झेंडी दाखवायची, हे तुम्ही मला शिकवलं. मला दिसला, मी दाखवली नाही. पण मग तुम्हालाही दिसला, बाबा, आणि तुम्हीही दाखवली नाही. का? माझी परीक्षा तोंडावर होती म्हणून? खोटं बोलताना माझं तोंड कसं झालं होतं ते पाहून दया आली म्हणून? की तुम्हाला वाटलं, पोराला एवढंच करता येतंय आपल्यासाठी, तर करू द्यावं? तुम्ही मला त्या बसमध्ये सहज पकडू शकला असता. खिशातून कागद काढला असता की झालं असतं. तुम्ही पकडलं नाहीत. त्यासाठी मी तुमचा किती आभारी आहे, आणि त्यासाठीच तुमच्यावर किती चिडलेला आहे, हे दोन्ही मला एकाच वेळी वाटतं. त्या चार महिन्यांत आपण किती बोलू शकलो असतो.

इथपर्यंत मी परवा रात्रीच मनात लिहिलं होतं. वाटलं होतं एवढंच आहे, तुमचं आणि माझं. पण काल दुपारी आई माझ्यासमोर येऊन बसली. पुण्यानुमोदनापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. पुढ्यात भाजी होती, पण ती निवडत नव्हती.

"त्याइले मालूम होतं काय?" तिनं विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. फाइल, नारळपाण्याची गाडी, सिस्टर, तुमचं "हव". मराठीत सांगितलं. अडखळत, पण सगळं.

मग म्हणाली, "म्हणजे तुले मालूम होतं. तुह्या काकाले मालूम होतं. त्याइले मालूम होतं. बसमधल्या त्या बाईले मालूम होतं."

"हो."

"अन् मले?"

मी भाजीतली एक काडी उचलली आणि परत ठेवली.

"तू चाय आणाले गेला ना, तवा ते मले म्हणे, चाल, दोघं जणं पाण्यात जाऊ. मी हात धरतो म्हणे. मी म्हटलं, या वयात काय हे, लोक पाह्यतेत. साडी भिजन. बस सुटन. पुन्हा म्हणे, घोट्यापर्यंतच जाऊ. मी म्हटलं, गप बसा. मंग ते उठले अन् बाथरूमले जातो म्हणून गेले."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

"मले कोणी सांगतलं असतं तर मी गेली असती ना रे," आई म्हणाली.

मी माफी मागितली. ती भाजी तशीच ठेवून आत गेली आणि आतून कडी लावून घेतली. आज सकाळी मला चहा दिला, पण कप ठेवून लगेच वळली. ती माझ्यावर रागावली आहे, आणि तो राग मला सोसायलाच हवा. पण बाबा, ती तुमच्यावरही रागावली आहे. ते ती कुणाला म्हणणार नाही, आणि तुम्हाला म्हणायला आता जागा उरलेली नाही. म्हणून तुमच्या वाट्याचा राग मी लिहून पोचवतो आहे.

तुमचा,
सुमेध